मातीत हात घालून 'रिलॅक्स' होणाऱ्यांनो

परवा टीममधला एक जण चहाच्या टपरीवर म्हणाला, "वैतागलो यार. नोकरी सोडतो आणि पॉटरी करतो."

अनुभव किती? एका रविवारचं दोन तासांचं वर्कशॉप, एक वाकडा वाडगा आणि पंधरा फोटो.

माझं डोकंच फिरलं. उद्या एखादा कुंभार मोबाइलवर दोन मेसेज टाइप करून म्हणाला, "चाक सोडतो, सॉफ्टवेअर करतो," तर आपण हसू की नाही?

मी गेलं वर्षभर दर शनिवारी पोर्सेलिनचं काम करणाऱ्या एका बाईंकडे शिकायला जातो, म्हणून बोलतोय. पोर्सेलिन म्हणजे केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ. दिसायला लोण्यासारखं, वागायला भयंकर हट्टी. पाणी जरा जास्त झालं की चाकावरच बसतं. कपाची आणि कानाची ओल जुळली नाही तर सुकताना तडा. ओला कप चेपला गेला आणि आपण तो परत गोल केला, तरी भट्टीतून बऱ्याचदा चेपलेलाच बाहेर येतो! सुकताना नि भाजताना मिळून १२-१५ टक्के आटतं ते वेगळंच. भट्टी जवळपास १३०० अंशांवर जाते, आणि ती एकदा लावली की तिथे अनडू नाही. माझे पहिले नऊ कप त्यात गेले, दोन धड निघाले. बाई म्हणाल्या, "दोन? बरे आलेत की."

ही विद्या फुकटात कुणी देत नसे. युरोपला हे १७०८ च्या सुमारास जमलं, आणि ज्याने जमवलं त्या ब्योटगरला राजाने नजरकैदेत ठेवलं होतं. आपल्या पुण्यातल्या निर्मला पटवर्धनांनी मात्र झिलईच्या पाककृती 'हँडबुक फॉर पॉटर्स' या पुस्तकात सरळ छापून टाकल्या. साल १९८४. लिनक्सच्या नावाने गळे काढणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? (मीही नव्हतं ऐकलं. असो.)

त्या दोनांतला एक कप मी घोडेगावला घेऊन गेलो. नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं आमचं गाव, जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. मामांची हयात त्याच बाजारात म्हशींचे सौदे करण्यात गेली. त्यांनी कप उजेडाकडे धरला, आत बोट घातलं. बोटाची सावली बाहेर दिसली.

"केवढ्याला इकत्यात असला?"

"बाईंचा नऊशेला जातो, मामा."

मला वाटलं, आता शिव्या पडणार. ते म्हणाले, "नवातलं दोनच निघालं म्हन्तोस. मग बाकीच्या सातांचं पैसं कोन देतं?"

सोमवारी हाच प्रश्न मी त्या मित्राला विचारला. लाकडं, गॅस, जागेचं भाडं, फुटलेला माल, यातलं काहीच त्याच्या हिशेबात नव्हतं. "अरे, मी स्ट्रेस घालवायला म्हणत होतो," म्हणाला. मग घालव की! पण त्याला पॉटरी म्हणू नकोस, आणि बाईंच्या कपासमोर उभा राहून "एवढ्याशा कपाला नऊशे?" हे तर अजिबात विचारू नकोस. मागच्या महिन्यात त्याने नेमकं तेच विचारलं होतं.