विश्लेषण : भटक्या कुत्र्याला घर हवे, तर आधी त्याचा फोटो नीट काढा!

जालन्यातल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून हा फोटो येतोच. खोक्यात किंवा पोत्यावर चार-पाच पिल्ले, वरून मारलेला फ्लॅश, हिरवे चमकणारे डोळे, मागे चपला आणि बादली. खाली ओळ : 'कुणाला पाहिजे असल्यास संपर्क करा.' दोघे जण रडका इमोजी टाकतात, एक जण 'नर आहे का?' म्हणून विचारतो आणि मग मोसंबीच्या भावाचा मेसेज येतो. पिल्ले वर सरकून दिसेनाशी होतात.

तो फोटो चांगला असता तर? प्रश्न हौशी वाटेल. पण २०२५ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तो थेट महापालिकेच्या कामाचा झाला आहे, असे माझे मत आहे.

न्यायालयाने काय सांगितले?

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार भटक्या कुत्र्यांना पकडून नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशक दिल्यावर मूळ जागी सोडायचे. रेबीज झालेली, तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री याला अपवाद. त्याच आदेशात दत्तकाचा मार्गही आहे. प्राणिप्रेमी नागरिक महापालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घेऊ शकतात, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची.

७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने चित्र बदलले. शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री निवारा केंद्रात हलवायची आणि नसबंदीनंतरही त्याच जागी सोडायची नाहीत, असे त्यात म्हटले आहे.

याचा सरळ अर्थ असा, की बसस्थानकाच्या फलाटावर झोपणारा कुत्रा एकदा केंद्रात गेला की त्याला परतीची वाट नाही. बाहेर पडायचा रस्ता एकच : कुणीतरी त्याला घरी नेणे. कुत्रा सहज दहा-बारा वर्षे जगतो. आत येणारे येतच राहतील आणि बाहेर कुणीच जाणार नाही, अशा जागेला आपल्याकडे जुना शब्द आहे, कोंडवाडा. तिथे निदान दंड भरून जनावर सोडवून नेणारा मालक तरी असायचा.

फोटोने खरेच फरक पडतो?

अमेरिकेत २०१५ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दत्तक देण्यासाठी इंटरनेटवर टाकलेल्या ४६८ लॅब्राडॉर मिश्र जातीच्या कुत्र्यांचे फोटो तपासले गेले. फोटो धूसर नसणे, तो मोकळ्या जागेत काढलेला असणे, कुत्रा उभा असणे आणि त्याची नजर कॅमेऱ्याकडे असणे, अशा साध्या गोष्टींचा संबंध कुत्रा लवकर दत्तक जाण्याशी दिसला. महागड्या कॅमेऱ्याने होणारे यात काहीच नाही.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे. 'वर्ल्ड फॉर ऑल' या संस्थेच्या दत्तक मोहिमेसाठी छायाचित्रकार अमोल जाधव आणि कलादिग्दर्शक प्रणव भिडे यांनी केलेली पोस्टर २०१७ मध्ये जगभर फिरली. दोन माणसांच्या मधल्या रिकाम्या जागेतच कुत्र्याचा किंवा मांजराचा आकार दिसतो. घरात आणखी एकासाठी जागा असतेच, हे एकही शब्द न वाचता कळते. मला ती पोस्टर फार आवडतात, पण ती जाहिरात आहे. त्यातला कुत्रा म्हणजे कुठलाही कुत्रा. स्वयंसेवी छायाचित्रकाराचे काम नेमके उलटे असते : हाच कुत्रा, याचा एक कान वाकडा, हा माणूस दिसला की आधी मागे सरकतो आणि मग शेपूट हलवतो.

मोबाइलवर कसे जमेल?

कॉलेजात असताना हॉस्टेलवरच्या काळ्या कुत्रीसाठी घर शोधताना मी पंधरा-वीस फोटो काढले होते. प्रत्येकात पांढऱ्या भिंतीपुढे कोळशाचा ढीग दिसत होता. चूक कुत्रीची नव्हती. फोनचा कॅमेरा समोरचे सगळे मिळून मध्यम उजेडाचे असणार असे गृहीत धरतो, त्यामुळे पांढरी भिंत आवरायच्या नादात काळा कुत्रा आणखी काळा होतो. स्क्रीनवर कुत्र्याच्या तोंडावर बोट टेकवा, मग उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. मागे भिंतीऐवजी झाड किंवा माती असू द्या.

आपल्याकडचे दुपारचे ऊन फोटोला उपयोगाचे नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाचनंतर, सावलीत काढा. उभे राहून खाली फोन धरला की कुत्रा बिचारा आणि डोकेच मोठे दिसते. गुडघ्यावर बसा, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत या. फार जवळ गेलात तर नाक फुगते, म्हणून दोन पावले मागे होऊन दुप्पट झूम वापरा. फ्लॅश बंद. गज असतील तर लेन्स दोन गजांच्या मधे धरा. नजर हवी असेल तर बिस्किटाचा रिकामा पुडा चुरगाळा, मान लगेच वळते.

भेदरलेल्या कुत्र्यावर मात्र समोरून फोन रोखू नका. बाजूला बसा, दुसरीकडे बघा, त्याला येऊ द्या. नियमितपणे केंद्रात जाणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन तडक रुग्णालय गाठावे.

फोटोखाली काय लिहायचे?

माझ्या मते फोटोइतकेच महत्त्वाचे हे आहे आणि इथेच जास्त गोंधळ होतो. अंदाजे वय, नर की मादी, नसबंदी आणि लसीकरण झाले का, लहान मुलांजवळ कसा वागतो, आणि खोड. ताटाजवळ कुणी आले की गुरगुरतो, हे लपवून दिलेला कुत्रा काही दिवसांत परत येतो, नाहीतर दूरच्या रस्त्यावर सोडला जातो. गोंडस फोटोने लपवलेली खोड एखाद्या घरातल्या मुलाला महागात पडू शकते. म्हणून एक फोटो चेहऱ्याचा, एक माणसाच्या पायाशी उभा असलेला, म्हणजे उंची कळेल, आणि दहा सेकंदांचा चालतानाचा व्हिडिओ. फिल्टर नको.

'नर आहे का?' हा प्रश्न तर आपल्या जिल्ह्यात ठरलेलाच. मळ्यावर, शेतवस्तीवर, गोदामावर राखणीला कुत्रा लागतो, पण वर्षात दोनदा पिल्ले कोण सांभाळणार म्हणून मादी कुणी नेत नाही. रस्त्याच्या कडेला सोडलेल्या पिल्लांत माद्या जास्त का असतात, त्याचे उत्तर याच प्रश्नात आहे. फोटोखाली 'नसबंदी झालेली मादी, रात्री जागी असते' एवढी ओळ आली तर शेतकरी निदान फोन तरी करेल. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या जालन्यात हीच गावठी जात पत्र्याखालीही तग धरते, हेही सांगायला हरकत नाही.

महापालिकेने काय करावे?

जालना महापालिका २०२३ मध्ये अस्तित्वात आली, म्हणजे इथल्या पद्धती अजून घडायच्या आहेत. नसबंदीनंतर कुत्र्याला काही दिवस देखरेखीखाली ठेवावेच लागते. त्या दिवसांत, आठवड्यातून दोन तास, नोंदणी केलेल्या चार-पाच स्वयंसेवकांना फोन घेऊन आत येऊ द्यावे. कुत्र्याला पकडल्यावर क्रमांक मिळतोच. त्या क्रमांकाखाली फोटो आणि चार ओळी महापालिकेच्या पानावर टाकाव्यात. खर्च जवळपास शून्य. फोटो बाहेर गेले तर केंद्रातली अस्वच्छता दिसेल, ही भीती अधिकाऱ्यांना वाटू शकते. दिसावी की.

यातून भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटेल असे मी म्हणत नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे पावणेतेरा लाख भटकी कुत्री होती. तेवढी घरे मिळणार नाहीत. संख्या कमी होईल ती नसबंदीनेच. श्वानदंशाने हैराण झालेल्यांचा रागही खोटा नाही. फोटोचा उपयोग होईल तो केंद्राच्या पिंजऱ्यात बसलेल्या शांत, धडधाकट कुत्र्यांना. त्यातले महिन्याला पाच गेले तरी पाच जागा मोकळ्या होतात.

आणि एक सवय लावून घ्यायला हवी. कुत्रा गेला की जुन्या पोस्टवर 'घर मिळाले' असे लिहा आणि महिन्याभराने नव्या मालकाकडून एक फोटो मागवा. तो धूसर असला, वरून काढलेला असला, मागे चपला आणि बादली असली तरी चालेल.