त्या ‘वुई’त मी आहे का?

परवा मुलाचा पुण्याहून फोन आला. “आई, आम्ही फ्लॅट घेतला!” मी तोंड भरून कौतुक केलं, देवापुढे साखर ठेवली. पण नंतर कितीतरी वेळ तो ‘आम्ही’ कानात रुतून बसला. ‘आम्ही’ म्हणजे तो, सूनबाई आणि नात. त्यात मी नाही. हीच बातमी त्याने इंग्रजीत दिली असती, तर ‘वुई’ ऐकून मी स्वतःला खुशाल त्यात बसवून घेतलं असतं.

३० वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. ‘वुई म्हणजे आम्ही’ असं फळ्यावर लिहून पुढे जात असे. पण हा एवढासा शब्द मोठा लबाड आहे. बोलणारा आणि ऐकणारा मिळून ‘वुई’. ऐकणाऱ्याला वगळून बाकीचे, तेही ‘वुई’. राजा एकटा असला तरी ‘वुई’ म्हणतो आणि अग्रलेख लिहिणारा संपादकही. इस्पितळातली नर्स रोग्याला ‘हाउ आर वुई टुडे?’ असं विचारते, तेव्हा त्या ‘वुई’त ती स्वतः मुळीच नसते! आत कोण आणि बाहेर कोण, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

माझा भाचा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. सुट्टीवर आला होता. त्याच्याजवळ हे बोलले, तर तो हसून म्हणाला, “मावशी, तू फिलिपिनो असतीस तरी तुला हे असंच लागलं असतं.” त्याच्या जहाजावर बरेचसे खलाशी फिलिपाइन्सचे. त्यांची तागालोग भाषा त्याने कामापुरती उचलली आहे. तिच्यात ‘वुई’साठी दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला धरून ‘तायो’, म्हणजे आपलं ‘आपण’. त्याला वगळून ‘कामी’, म्हणजे आपलं ‘आम्ही’. ‘बाहाय नातिन’ हे घर तुझंही आणि माझंही. ‘बाहाय नामिन’ हे मात्र आमचं, तुझं नव्हे. पूर्वी ‘किता’ असा तिसरा शब्दही होता, ‘आपण दोघंच’ या अर्थाचा. तो आज ‘मी तुला’ अशा अर्थाने उरला आहे. ‘माहाल किता’ म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. मी आणि तू एकाच शब्दात!

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात भाचा जेवणघराच्या दारात संकोचून उभा होता. जेवायला बसलेला एक खलाशी म्हणाला, “काईन तायो!” चल, जेवू या. जेवताना कुणी आलं की असं म्हणायची तिकडे रीतच आहे, आपल्या ‘या जेवायला’सारखी. “त्या ‘तायो’नं मला सांभाळलं बघ,” भाचा म्हणाला.

गंमत अशी की, तागालोग आणि मराठी यांचं कुळ एक नाही, तरी हा बारकावा दोघींनी जपला. आपल्याकडे गुजराती, तेलुगू, तमिळमध्येही तो आहे. प्रमाण हिंदीतल्या ‘हम’ला मात्र ती सोय नाही. ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनेचं तागालोग नाव ‘आमा नामिन’, आमचा पिता. तिथे ‘नातिन’ म्हटलं, तर देवालाच लेकरांच्या पंगतीत बसवल्यासारखं होईल! मराठी प्रार्थनेतही ‘आमच्या’च आहे. फिलिपाइन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेची फिलिपिनो भाषेतली प्रस्तावना ‘कामी’ने सुरू होते आणि आपल्या राज्यघटनेची मराठी उद्देशिका ‘आम्ही’ने. म्हणजे ‘आम्ही’ नेहमीच परकेपणाचा नसतो. जगापुढे उभं राहून जबाबदारी घेणाराही तोच शब्द.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की हा भेद हातचा घालवू नये. शहरातली मुलं हल्ली ‘काल आपण पिक्चरला गेलेलो’ असं, जो गेलाच नव्हता त्यालाच सांगतात. ऐकताना हसू येतं, पण एक धारदार हत्यार त्यात बोथट होतं. व्यासपीठावरून कुणी ‘आपण त्याग केला पाहिजे’ म्हणतो, तेव्हा ‘यात तुम्हीही आलात ना?’ असं विचारण्याचा हक्क आपल्याला त्या ‘आपण’नेच दिलेला असतो. इंग्रजी ‘वुई’त ही पळवाट मोकळी राहते.

आणि घरातला ‘आम्ही’ टोचला तर? टोचू दे. कर्जाचे हप्ते मुलगा-सून भरणार, संसार त्यांचा. तिथे ‘आम्ही’ हाच खरा शब्द. खोट्या ‘आपण’पेक्षा तो बरा. पण खऱ्या ‘आपण’ची सुरुवात त्यांनीच करायला हवी, असं थोडंच आहे? संध्याकाळी मीच फोन लावला.

“अरे, घर बघायला कधी जाऊ या आपण?”