फळीवरचे डबे आणि फळीवरचे वेल



आज कपाशीवर नाही, घरातल्या फळीवर लिहितो. हसाल, पण पुरतं वाचा.

आमच्या समोरच्या खोलीत दाराच्या बाजूनं सिमेंटच्या दोन लांब फळ्या आहेत. घर बांधलं तेव्हा वडिलांनी भांड्यांसाठी करून घेतल्या होत्या. पुढं कधी त्या औषधांच्या झाल्या, कळलंच नाही. अर्धवट राहिलेल्या बाटल्या, तणनाशकाचा कॅन, टॉनिकच्या पुड्या, पंपाचे नोझल, आणि त्यातच कधी बिस्किटाचा पुडा. त्याच खोलीत जेवण, त्याच खोलीत पाहुणा, आणि दिवाळीनंतर भाव येईपर्यंत त्याच खोलीत कापसाची गंजी. पिंपळगाव राजात हे एकट्या माझ्या घरचं नाही. कोणत्याही गल्लीत शिरा, अशी फळी सापडते.

मुलगी अकोल्याले शिकते. उन्हाळ्यात घरी आली न म्हणाली, "बाबा, या फळ्या मले द्या. इथं कुंड्या ठेवून वेल खाली सोडते."

मी म्हटलं, "मंग औषध कुठी ठेवू?"

आतून तिची आई म्हणाली, "हे मी वीस वर्षांपासून इचारून राहिली."

औषधं त्याच दिवशी गोठ्याजवळच्या खोलीत लोखंडी पेटीत गेली, कुलूप लागलं. ढेप-सरकीचं पोतं त्या खोलीतून काढलं. कीटकनाशक नियम 1971 मध्ये साठवणुकीसाठी वेगळी खोली नाही तर कुलपाचं कपाट सांगितलंय. कृषी केंद्रवाला परवान्याच्या धाकानं का होईना, ते पाळतो. घरात आपल्याले विचारणारं कोणी नसतं.

आता फळ्यांचं सांगतो.

खामगावच्या नर्सरीत एका कुंडीचे दीड-दोनशे सांगतात. ते देऊ नका. मनीप्लांट हा कटिंगचाच वेल आहे. त्याच्यात फूल येण्यासाठी लागणारं संप्रेरक बनवणारा जनुकच नीट चालत नाही, म्हणून घराघरातले वेल हे कोणाच्या तरी वेलाचे तुकडेच. चोरून आणलेला मनीप्लांट जास्त वाढतो म्हणतात, त्यात माझ्या मते एवढंच खरं आहे की शेजारणीचा वेल आपल्याच गावच्या पाण्या-उन्हावर टिकलेला असतो. नर्सरीतला शेडनेटमध्ये लाडात वाढलेला, तो आपल्या खोलीत आला की महिनाभर तोंड पाडून बसतो. चोरू नका, मागून घ्या.

पेराच्या बोटभर खाली कापायचं. पेरावर तपकिरी टोक दिसतं तीच पुढची मुळी. दोन-तीन पेरांचा तुकडा पाण्यात ठेवला की दोन-तीन आठवड्यांत मुळ्या सुटतात. पाणी आठवड्याले पूर्ण बदला आणि बाटली आतून घासा, नाही तर डेंग्यूच्या डासाले घरातच पाळणा बांधून दिला असं होईल. कूलरच्या टाकीचंही तेच.

कुंडीत आपली काळी माती एकटी भरू नका. मी पहिल्या दोन कुंड्यांत भरली. ओली असताना चिखल, वाळली की कडेनं भेग, आणि पाणी त्या भेगेतून सरळ खाली. मुळीले हवा मिळत नाही. एक भाग माती, एक भाग पुरतं कुजलेलं शेणखत, एक भाग रेती. कच्चं खत घरात आणलं तर चिलटं होतात आणि घरची माणसं झाडांवर उठतात. खाली भोक पाहिजेच. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी देऊ नका. घरातले वेल तहानेपेक्षा जास्त पाण्यानं मरतात, चिबडलेली तूर पाहिलेल्या माणसाले हे समजावून सांगायची गरज नाही. उजेड हवा, पण पश्चिमेचं ऊन नको. मे महिन्यात मले वाटलं होतं हे जळून जाईल, पण कूलरच्या दमट हवेत उलट जोरात वाढलं.

फळीवरून खाली सोडलेल्या वेलाची पानं लहानच राहतात, त्याले खत कमी पडलं असं समजू नका. हा वेल वर चढताना मोठं पान देतो. बाहेर आंब्याच्या खोडावर चढलेला मनीप्लांट पहा, पान सुपाएवढं. खोलीत लोंबते लहान पानाचे वेलच बरे दिसतात. लांब झाला की शेंडा कापून त्याच कुंडीत खोचा, कुंडी भरून येते. जळगाव जामोदकडं किंवा अंजनगाव सुर्जीकडं पानमळे पाहिले असतील त्यांनी मळेकऱ्याले विचारावं. नागवेल फार वर गेली की ते खाली उतरवून मातीत दाबतात, पेरापेराले मुळी धरते.

एक काळजी मात्र घ्या. मनीप्लांट अळूच्या आणि सुरणाच्या कुळातला आहे. अळू कच्चा खाल्ला तर घसा खाजतो, तेच स्फटिक याच्या पानात असतात. रांगतं लेकरू आणि बकरी, दोघांच्या तोंडापासून वर ठेवा. लोंबता शेंडा जमिनीपर्यंत आणायची हौस नको.

आता माझी चूक. कुंड्या कमी पडल्या म्हणून मी औषधाचे रिकामे कॅन कापले. पांढरं जाड प्लॅस्टिक, दिसायले मजबूत, फुकटात. निरम्यानं दोनदा धुतले. मुलीनं ते घरात घेतलेच नाही. मी चिडलो, तिले म्हटलं शेतात आयुष्य गेलं आमचं. पण तिचं बरोबर होतं. ते प्लॅस्टिक औषध धरून ठेवतं, आणि त्या कुंडीत हात घालणारा हात पोळपाटावरही जातो. वरून लेकरांच्या डोक्यात बसतं की हा डबा म्हणजे खेळायचा डबा. औषध संपलं की बाटली तीनदा विसळायची, ते पाणी पंपातच टाकायचं, बाटलीले भोकं पाडायची. 1971 च्या त्याच नियमांत लिहिलंय की रिकामी वेष्टनं फोडून वस्तीपासून दूर पुरायची, पुन्हा वापरात येऊ द्यायची नाही. आपण त्यात बियाणं ठेवतो, डिझेल आणतो, काही घरी पाणीसुद्धा. आमच्या फळीवर आता तेलाचे डबे, फुटक्या कानाचे कप आणि मातीच्या चार कुंड्या आहेत.

कोणी म्हणतं, घरात झाडं ठेवली की औषधाचा वास ओढून घेतात, नासानं सांगितलंय. नासाचा प्रयोग 1989 चा, तो लहान बंद पेटीत केलेला. आपली खोली बंद पेटी नाही, दारं-खिडक्यांतून हवा खेळते. 2019 मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. उघडी खिडकी जेवढी हवा साफ करते तेवढं काम करायले दर चौरस मीटरले 10 ते 1000 झाडं लागतील. एवढी झाडं लावली तर माणसानं बाहेर झोपायचं. म्हणून वेल लावला न बाटली बाजूलेच ठेवली, याचा उपयोग शून्य.

मंग वेल कशाले? फळी रिकामी राहत नाही म्हणून. मी याआधी दोनदा औषधं गोठ्यात नेली होती, दोन्ही वेळा महिनाभरात परत आली, कारण जागा मोकळी होती. या ऑगस्टमध्ये संध्याकाळी शेतातून उरलेली बाटली घेऊन आलो, सवयीनं हात फळीकडं गेला. तिथं कुंडी. तसाच मागं फिरलो. पंधरा-वीस दिवसांनी एका वेलावर पिठ्या ढेकूण दिसला तेव्हा कपाशीचंच औषध थोडं मारून देऊ असंही मनात आलं. घरात ते करू नका, साबणाच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून पुसलं तरी जातं.

कृषी विभागाच्या मंडळींसाठीही दोन शब्द. 2017 मध्ये यवतमाळले फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून मेळाव्यात मास्क-हातमोज्यांवर बोललं जातं. चांगलं आहे. पण फवारणी दिवसभराची असते, उरलेली बाटली घरात वर्षभर असते. आपल्या भागात ती बाटली रागाच्या, निराशेच्या एका घडीत काय करते हे मी लिहायची गरज नाही. श्रीलंकेत गावोगाव कुलपाच्या पेट्या वाटून मोठा अभ्यास झाला, 2017 मध्ये निकाल आला, त्यात फरक दिसला नाही. चावी शेवटी घरातच असते. फरक पडला तो सगळ्यात जहाल औषधांवर 1995 पासून टप्प्याटप्प्यानं आणलेल्या बंदीनं. नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास 70 टक्क्यांनी उतरलं. म्हणून माझ्या पेटीचा मले फार अभिमान नाही. लेकरांपासून ती वाचवते, तेवढं खरं. पण लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून घ्यायची आणि पाव लिटर वापरायची, हे मी या हंगामापासून बंद केलं. लागेल तेवढंच आणतो, शेजारच्या शेतकऱ्यासोबत वाटून घेतो. पेटीत सध्या दोनच बाटल्या आहेत. लहान पॅकिंग का मिळत नाही, आणि मिळालं तर एवढं महाग का, यावर एखाद्या मेळाव्यात बोला न साहेब.

मनीप्लांटचे तुकडे आमच्याकडं भरपूर निघतात, कोणाले पाहिजे असतील तर सकाळी आठच्या आत घरी या, नंतर मी शेतात असतो. डबा आपला आणा, तेलाचा चालेल.