मऊ पडलेल्या बांगड्याला तिखलं हा उपाय नव्हे

‘बांगडा जरा मऊ लागतोय? मग तिखलं कर. सोलं दोन जास्त घाल, तिरफळं टाक, चांगलं रटरटू दे. आगीत सगळं मरतं.’ कोकणात आणि गोव्यात हा सल्ला सासूकडून सुनेकडे सहज जातो. देणारीच्या मनात काटकसर असते, मायाही असते. तरी तो धोक्याचा आहे आणि आता थांबायला हवा.

त्यातला खरा भाग आधी मान्य करू. आगीत जंतू मरतात. म्हणूनच कालवं कच्ची खाऊ नयेत आणि कोलंबी आतपर्यंत शिजवावी. पण बांगडा, तारली, कुपा या माशांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर उबेत राहिला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जंतू त्याचं हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन उकळून जात नाही, तळून जात नाही आणि कोकमाच्या आगळानेही जात नाही. डीप फ्रीझरमध्येसुद्धा ते तसंच राहतं. जंतू मेले तरी त्यांनी केलेली घाण कालवणात उरतेच.

‘वास तर येत नाही ना?’ हा दुसरा आधारही तकलादू आहे. मासा नासल्याचा वास सुटण्याआधीच हिस्टामिन वाढलेलं असू शकतं. असा मासा कधीकधी जिभेला चुरचुरतो, तेवढीच काय ती सूचना. पण तिखल्यात तिरफळ असतं आणि जीभ चुरचुरवणं हा तर तिरफळाचा गुणच! म्हणजे ज्या मसाल्यावर आपण भिस्त ठेवतो, तोच ही सूचना झाकून टाकतो.

मग या हिस्टामिनमुळे जेवणानंतर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत तोंड लालबुंद होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छाती धडधडते. घरात निदान ठरलेलं असतं: पित्त उठलं, या पोराला बांगडा सोसत नाही. मला सर्वांत जास्त चीड येते ती या निष्कर्षाची. माशाची ॲलर्जी खरीच असू शकते आणि ती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. पण एकाच पातेल्यातलं जेवलेल्या दोघा-तिघांना एकदम हा त्रास झाला, तर संशय आधी माशावर घ्यायला हवा. नाहीतर प्रथिनं, ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्व देणारा, खिशाला परवडणारा मासा त्या पोराच्या ताटातून उगाच कायमचा जातो. त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो. श्वास कोंडला किंवा चक्कर आली, तर मात्र थेट दवाखाना गाठावा.

मासे सोडा, असं मी म्हणत नाही. २०१८ साली गोव्यात माशांतल्या फॉर्मेलिनचा गदारोळ उठला, तेव्हा पुष्कळांनी ताटातला मासाच दूर केला. भीती समजण्यासारखी होती, पण फॉर्मेलिनवरचा उपाय तपासणी हा आहे आणि हिस्टामिनवरचा उपाय बर्फ. बाजाराला जाताना डबा आणि बर्फ घेऊन जा, मासळी सर्वांत शेवटी घ्या. घरी आल्याबरोबर कल्ले आणि आतडी काढा, धुवा आणि लगेच फ्रीजमध्ये ४ अंशांच्या खाली ठेवा. मीठ-हळद चोळून दुपारपर्यंत ओट्यावर ठेवलेला बांगडा सुरक्षित नसतो. गोठवलेला मासाही ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच वितळू द्यावा.

मात्र सगळा भार घरच्या बाईवर टाकून चालणार नाही. मासा होडीवरच तापला असेल, तर घरातला फ्रीज झालेलं हिस्टामिन कमी करू शकत नाही. उन्हात प्लास्टिकवर बांगडे मांडून बसलेल्या मासेवालीलाही दोष देऊन उपयोग नाही. तिला बर्फ विकत घ्यावा लागतो आणि दुपारपर्यंत त्याचं पाणी होतं. बंदरात उतरल्यापासून मासळीला परवडणाऱ्या दरात बर्फ मिळाला पाहिजे, बाजारात ओट्यांवर छप्पर असलं पाहिजे आणि दुपारी बर्फाची दुसरी खेप आली पाहिजे. नगरपालिका बाजारात बसायची पावती फाडते, तर ही सोय तिच्याकडे हक्काने मागायला हवी.