पडदा फुटला, यंत्र शाबूत आहे

डोंबिवलीतील आमच्या एका वस्ती-अभ्यासिकेला गेल्या वर्षी एका उद्योगाने आपल्या कचेरीतून बाद केलेले अकरा लॅपटॉप भेट दिले. दहावी-बारावीच्या मुलांना त्यांचा मोठाच आधार झाला असता. परंतु खोकी उघडली तेव्हा चार यंत्रांचे पडदे तडकलेले आढळले. यंत्रे आतून धडधाकट होती. बाहेरचा मॉनिटर जोडताच ती व्यवस्थित चालत. अधिकृत सेवाकेंद्रात चौकशी केली असता उत्तर मिळाले की, ही मॉडेले बंद झाली असून त्यांचे भाग येत नाहीत. जुने यंत्र देऊन नवे घेतल्यास सवलत मिळेल. सात-आठ वर्षे वयाचे चालते यंत्र केवळ एका काचेपायी भंगारात काढण्याचा हा सल्ला होता, आणि तो अगदी सहज देण्यात आला.

मग आम्ही लॅमिंग्टन रोड गाठला. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ग्रँट रोड स्थानकावर उतरून ते नाव विचारणारा विरळाच! तेथल्या एका अरुंद गाळ्यातील तरुणाने कंपनीचे वा मॉडेलचे नाव विचारलेही नाही. पडद्याभोवतीची प्लॅस्टिकची चौकट अलगद उचकटली, पडदा उलटा केला आणि पाठीवरचे लेबल वाचले. म्हणाला, "काका, कंपनीचं नाव विसरा. पडद्याचं खरं नाव हे इथं आहे."

या एका वाक्यात सारा विषय सामावलेला आहे. लॅपटॉपवर ज्या कंपनीचे नाव मिरवते ती सहसा पडदा बनवीत नाही. पडदे बनविणारे जगात मोजकेच: कोरियाची एलजी डिस्प्ले, तैवानच्या एयू ऑप्ट्रॉनिक्स व इनोलक्स, चीनची बीओई आणि आणखी काही. सॅमसंगही यांत होती. २०२२ साली तिने एलसीडीचे उत्पादन थांबविले. पाठीवरच्या लेबलावर यांपैकी कोणाचा तरी क्रमांक असतो. 'एलपी१५६' अशी सुरुवात असेल तर पडदा एलजीचा, 'बी१५६' असेल तर एयू ऑप्ट्रॉनिक्सचा, 'एनटी१५६' असेल तर बीओईचा. मधला १५६ हा आकडा म्हणजे १५.६ इंच. किंबहुना, एकाच मॉडेलमध्ये खुद्द मूळ कंपनीच दोन-तीन निरनिराळ्या उत्पादकांचे पडदे बसवीत असते. म्हणजे पर्यायी पडदा चालतो हे तिला पूर्ण ठाऊक असते. ग्राहकाला मात्र ते कळत नाही. मॉडेल बंद झाले याचा अर्थ पडदा बंद झाला असा होत नाही. तोच पडदा इतर वीस मॉडेलांत बसत असतो.

अर्थात हाताला येईल तो पडदा बसवून भागत नाही. आकार व रिझोल्यूशन तर जुळले पाहिजेच, त्याशिवाय जोडणीही पाहावी लागते. जुन्या लॅपटॉपमध्ये 'एलव्हीडीएस' पद्धतीची, बहुधा ४० पिनांची जोडणी असे. पुढे 'ईडीपी' आली, तिच्यात साधारणतः ३० पिना असतात. ही जुनी पद्धत २०१३ पर्यंत मागे घेण्याचे इंटेल, एएमडी आदी कंपन्यांनी २०१० च्या डिसेंबरातच जाहीर केले होते. पण नुसत्या पिना मोजूनही चालत नाही, कारण स्पर्शाच्या पडद्यांत ईडीपीही ४० पिनांची असते. चुकीची जोडणी केल्यास मुख्य बोर्डावरचा फ्यूज जाऊ शकतो. स्क्रूच्या पट्ट्या वर-खाली आहेत की डाव्या-उजव्या बाजूला, कनेक्टर कोणत्या कोपऱ्यात आहे, हेही पाहावे लागते. हे सारे ज्ञान आज लॅमिंग्टन रोडवरील, दिल्लीच्या नेहरू प्लेसमधील आणि बंगळुरूच्या एस. पी. रोडवरील कारागिरांनी हात भाजून मिळविलेले आहे. त्यांतही लबाडी चालते, हे मान्य केले पाहिजे. जुन्या यंत्रातून काढलेला पडदा नवा म्हणून खपविणारे आहेत. म्हणून दुकान सोडण्यापूर्वी पडद्यावर पूर्ण पांढरा व पूर्ण काळा रंग आणून डाग पाहावेत आणि हमी पावतीवर लिहून घ्यावी.

वस्तुतः या माहितीसाठी ग्राहकाने वणवण का करावी? पुण्याच्या नाना पेठेत उत्पादन थांबलेल्या जुन्या स्कूटरचा भाग मागितला तर तो आजही मिळतो, कारण कोणता भाग कशात बसतो हे गुपित नाही. लॅपटॉपचे तसे नाही. काही कंपन्या दुरुस्तीच्या पुस्तिका खुल्या ठेवतात, त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु त्यांतही बहुधा कंपनीचा स्वतःचा भाग-क्रमांक असतो, पडदा बनविणाऱ्याचा नव्हे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे संकेतस्थळ सुरू झाले. पाऊल स्वागतार्हच होते. मात्र प्रारंभी निवडलेली क्षेत्रे चार: शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. विद्यार्थ्यांचे यंत्र असलेल्या लॅपटॉपचे त्यात स्वतंत्र नाव नाही! फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून ज्या वस्तूंवर दहापैकी 'दुरुस्ती-गुणांक' छापणे सक्तीचे केले, त्यांत लॅपटॉप पहिल्या यादीतच होता. सुट्या भागांची उपलब्धता आणि किंमत या दोहोंचे गुण त्यात धरले जातात.

बंद मॉडेलचे भाग दहा-दहा वर्षे साठवून ठेवणे परवडत नाही, असे कंपन्या म्हणतात. त्यात काही तथ्य आहे. म्हणून पहिली मागणी साठ्याची नसून माहितीची असावी. ज्या दिवशी मॉडेल बंद होईल त्या दिवशी त्यात कोणकोणते पडदे बसतात, त्यांचे मूळ क्रमांक काय, जोडणी कोणती, एवढा एक कागद प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक करावे. त्याला कारखाना लागत नाही.

कारखान्याचा प्रश्न वेगळा आणि अधिक दुखरा आहे. नागपूरजवळ बुटीबोरी येथे एलसीडी पडद्यांचा प्रकल्प उभारण्याची घोषणा २०१६ साली गाजली. तो उभा राहिला नाही. २०२१ च्या सेमीकंडक्टर योजनेत पडद्यांच्या कारखान्यालाही साहाय्याची तरतूद आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मंजूर झालेल्या २२,९१९ कोटींच्या सुटे भाग उत्पादन योजनेत पडद्यांच्या जुळणीचा समावेश आहे. जुळणी ही सुरुवात आहे, पण काचेचे मूळ पॅनेल बाहेरूनच येणार असेल तर लॅपटॉप येथे जुळविला तरी त्याचा पडदा परक्याच्या हाती राहतो, हे स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी डोळ्यांआड करू नये.

आमच्या चारांपैकी तीन लॅपटॉपना नवे पडदे मिळाले. प्रत्येकी चार हजारांच्या आत, मजुरीसह. चौथ्याची काच आणि स्पर्शपडदा एकमेकांना चिकटविलेले, अख्खे झाकणच बदलावे लागणारे, आणि ते झाकण कोठेही मिळाले नाही. त्याला एक जुना मॉनिटर जोडून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले आहे. संध्याकाळी सहानंतर त्याच्यासमोर नंबर लावावा लागतो.