ग्रंथसेवा नव्हे, ग्रंथचौर्य

मराठी पुस्तक बाजारात येते न येते तोच त्याची पीडीएफ प्रत कोठल्या तरी संकेतस्थळावर फुकट मिळू लागावी, हा प्रकार आता इतका नित्याचा झाला आहे की त्याचे कोणास आश्चर्य वाटत नाही; आणि खेदाची गोष्ट अशी की, लाजही वाटत नाही. चित्रपटांची गत याहून निराळी नाही. मंडईत कोथिंबिरीची जुडी न विचारता उचलणे ज्यास पाप वाटते तो सुशिक्षित गृहस्थ लेखकाच्या कित्येक वर्षांच्या श्रमांचे फळ बिनदिक्कत उतरवून घेतो आणि चार स्नेह्यांना धाडतो. अशी संकेतस्थळे चालविणारे तर स्वतःस भाषेचे सेवक म्हणवून घेतात. ही सेवा कोणत्या जातीची आहे आणि कायदा तिला काय नाव देतो, हे एकदा स्पष्टपणे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पूर्वी चोरटी आवृत्ती काढावयाची तर छापखाना लागे, कागद लागे, बांधणारा लागे, आणि माल खपविण्यास पदपथावर माणूस बसवावा लागे. आता यांपैकी कशाचीच गरज उरली नाही. अप्पा बळवंत चौकात गाळा नको. धायरीसारख्या उपनगरातील दोन खोल्यांचे बिऱ्हाड, एक संगणक आणि इंटरनेटची जोडणी एवढे भांडवल पुरते. धायरीचे नाव आम्ही केवळ उदाहरणादाखल घेत आहोत. सिंहगड रस्त्यालगतचे हे गाव २०१७ साली उरल्यासुरल्या भागासह महापालिकेच्या हद्दीत आले. होतकरू, नोकरदार तरुणांची तेथे मोठी वस्ती आहे. अशा एखाद्या तरुणाला फावल्या वेळात संकेतस्थळ उघडून जाहिरातींवर चार पैसे मिळवावेत असा मोह झाला, तर आपण कोणत्या वाटेने निघालो आहोत याची त्यास बहुधा कल्पनाही नसते.

ती वाट पोलीस ठाण्याकडे जाते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमान्वये जाणूनबुजून स्वामित्वहक्काचा भंग करणाऱ्यास, आणि त्यास साहाय्य करणाऱ्यासही, ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. दुसऱ्यांदा अपराध सिद्ध झाल्यास किमान शिक्षा १ वर्षाची व किमान दंड १ लाखाचा आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. म्हणजे पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येते आणि जामीन हा हक्क राहत नाही. चित्रपटांच्या बाबतीत २०२३ ची सुधारणा याहून कडक आहे. तीत दंडाची कमाल मर्यादा चित्रपटाच्या निर्मितिखर्चाच्या शेकडा ५ पर्यंत नेली आहे. याखेरीज मनाईहुकूम, नुकसानभरपाई आणि मिळकतीचा हिशेब मागणारा दिवाणी दावा निराळाच. पुढे नोकरीसाठी वा पारपत्रासाठी पोलीस पडताळणीची वेळ येते तेव्हा नोंदलेला गुन्हा आड येऊ शकतो, हे मध्यमवर्गीय घरास वेगळे सांगावयास नको.

यावर जे बचाव पुढे केले जातात ते तपासून पाहिले तर एकही टिकत नाही. ‘आम्ही पैसे घेत नाही’ हा पहिला. व्यापारी लाभ नसेल तर कारणे नमूद करून शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायालयास आहे. परंतु त्यामुळे अपराध नाहीसा होत नाही. शिवाय जाहिरातींचे उत्पन्न हा लाभच होय, आणि ते ज्या बँकखात्यात जमा होते तेच खाते मालकाचे नाव सांगते. ‘लेखकाचे नाव दिले आहे’ हे म्हणणे तर हास्यास्पद आहे. मालकाचे नाव सांगून वस्तू नेली म्हणून ती आपली होत नाही. ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत’ असे म्हणणाऱ्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम आठवते. ते संरक्षण खरे आहे. पण दुसऱ्यांनी चढविलेला मजकूर केवळ वाहून नेणाऱ्यास आणि तक्रार येताच दक्षतेने वागणाऱ्यास ते मिळते. स्वतः पुस्तके निवडणाऱ्यास व चढविणाऱ्यास ते लागू नाही. ‘आमचे यंत्र परदेशी आहे’ या सबबीचाही उपयोग नाही. स्वीडनमध्ये ‘पायरेट बे’च्या चालकांनी आपण फक्त दुवे पुरवितो असाच बचाव केला होता, एप्रिल २००९ मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने चौघांना १ वर्षाची शिक्षा ठोठावली. अपिलात शिक्षेची मुदत घटली, दोष कायम राहिला.

आपली न्यायालयेही स्वस्थ बसलेली नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये अशा संकेतस्थळांची लक्षणेच सांगितली : स्थळाचा मुख्य हेतू चोरीचा माल पुरविणे हाच आहे काय, मालकाने आपली ओळख दडविली आहे काय, सूचना मिळूनही तो गप्प राहतो काय. बंद केलेले स्थळ नाव बदलून पुन्हा उगवले, तर त्यासही तोच मनाईहुकूम लागू करण्याची सोय त्या निकालाने झाली.

तथापि कायद्याचा बडगा सरसकट उगारावा असे आमचे मत नाही. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी, न तपासलेल्या यादीवरून संपूर्ण संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला, आणि अपराध नुसते पाहण्यात नसून बेकायदा वितरणात व प्रदर्शनात आहे, हेही स्पष्ट केले. हा विवेक स्वागतार्ह आहे. त्याच वर्षी दिल्लीच्या न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पुस्तकांतील उतारे छायाप्रतींच्या रूपाने देणे वैध ठरविले. म्हणजे कायदा ज्ञानाचा शत्रू नाही. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे लोटली की त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० मध्ये वारले. २०११ पासून त्यांचे साहित्य कोणासही प्रसिद्ध करता येते. मर्ढेकरांचे २०१७ पासून मोकळे झाले. ज्यास खरोखरच भाषासेवा करावयाची आहे त्याने हे भांडार संगणकावर आणावे. त्याच्या दारी पोलीस येणार नाहीत, उलट लोक दुवा देतील.

प्रकाशकांनीही आत्मपरीक्षण करणे प्राप्त आहे. जे पुस्तक वर्षानुवर्षे दुकानात मिळत नाही आणि ज्याची अधिकृत ई-आवृत्तीही नाही, त्याची चोरटी प्रत शोधणारा वाचक नेहमीच लबाड असतो असे नाही. संशोधनपर नियतकालिकांच्या बाबतीत केंद्र सरकारने ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून २०२५ पासून ती शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली केली. सार्वजनिक ग्रंथालयांद्वारे मराठी ई-पुस्तकांची अशी काही व्यवस्था राज्य सरकारने का करू नये?

परंतु व्यवस्था अपुरी आहे म्हणून चोरी क्षम्य ठरत नाही. तीनशे रुपयांच्या पुस्तकावर शेकडा दहा मानधन धरले, तर हजार प्रतींची संपूर्ण आवृत्ती खपल्यावर लेखकाच्या पदरी तीस हजार रुपये पडतात; आणि ती खपण्यास मराठीत कित्येकदा वर्षे लागतात. एवढ्या तुटपुंज्या मोबदल्यावरही जे लिहितात त्यांच्या ताटातील घास काढून घेऊन कोणतीही भाषा समृद्ध झालेली नाही. धायरीतील असो वा डेक्कनवरील असो, असे संकेतस्थळ चालविणाऱ्याने ते आजच बंद करावे, यातच त्याचे हित आहे. आणि वाचकांनी तेथे जाण्याचे सोडावे, यात मराठीचे.