हजार वर्षांनी माणूस खरंच कुबडा होईल का? उत्क्रांतीचं गणित नेमकं काय सांगतं?

पाठीला पोक, पुढे झुकलेली मान, फोन धरल्यासारखी आखडलेली बोटं आणि डोळ्यांवर एक जादाची पापणी. 'इसवी सन ३००० मधला माणूस असा दिसेल' असं सांगणारं हे चित्र गेली काही वर्षं सोशल मीडियावर पुन्हा पुन्हा व्हायरल होतंय. फॅमिली ग्रुपवर आलं की त्याखाली 'बघा, आणखी वापरा मोबाईल!' हा टोमणाही ठरलेला.

चित्र मजेशीर आहे, पण त्यामागचं विज्ञान चुकीचं आहे. माणूस बदलतोय हे मात्र खरं. कसा, ते समजून घेऊ.

फोनमुळे आलेला पोक नातवाला जातो का?

नाही. लोहाराचे दंड घण मारून पिळदार होतात, म्हणून त्याचं बाळ पिळदार दंड घेऊन जन्माला येत नाही. आयुष्यभरात शरीरात झालेले असे बदल डीएनएमध्ये लिहिले जात नाहीत.

वापरामुळे झालेले बदल पुढच्या पिढीत उतरतात, अशी मांडणी फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी १८०९ मध्ये केली होती. पुढे १८५९ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी नैसर्गिक निवडीचा सिद्धांत सविस्तर मांडला. त्याचा नियम साधा आहे. जन्मतःच असलेल्या एखाद्या गुणामुळे माणूस जास्त जगला आणि त्याला जास्त मुलं झाली, तर तो गुण हळूहळू पसरतो.

फोन बघून मान दुखते, पण त्यामुळे कुणाला मुलं कमी किंवा जास्त होत नाहीत. त्यामुळे तो पोक आपल्यापुरताच राहतो.

मग उत्क्रांती थांबली आहे का?

तसंही नाही. रोजचं उदाहरण म्हणजे दूध. बहुतेक सस्तन प्राण्यांची दूध पचवण्याची क्षमता मोठेपणी कमी होते. माणसाचंही तसंच होतं. पण गेल्या सुमारे १० हजार वर्षांत, गुरं पाळणाऱ्या समाजांमध्ये मोठेपणीही दूध पचवू देणारे जनुकीय बदल पसरले. आज जगातल्या साधारण एक तृतीयांश प्रौढांना दूध नीट पचतं. बाकीच्यांचं पोट बिघडू शकतं.

तिबेटच्या पठारावर हवेत ऑक्सिजन कमी असतो. तिथल्या लोकांमध्ये 'ईपास १' या जनुकाचं एक खास रूप आढळतं, ज्यामुळे त्यांचं रक्त प्रमाणाबाहेर घट्ट होत नाही. हे रूप त्यांना डेनिसोव्हन या नामशेष झालेल्या मानव समूहाकडून मिळालं, असं २०१४ मधल्या संशोधनात दिसून आलं.

इंडोनेशियातले बजाऊ लोक पिढ्यान् पिढ्या समुद्रात बुडी मारून मासे पकडतात. २०१८ मधल्या अभ्यासात त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे ५० टक्के मोठी आढळली. बुडी मारल्यावर प्लीहा आकसते आणि जादाचा ऑक्सिजन रक्तात मिळतो.

गडचिरोली आणि नंदुरबारचा संबंध काय?

उत्क्रांतीचा हिशेब नेहमीच फायद्याचा नसतो, हे सिकलसेल आजारातून कळतं. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सिकलसेलचं जनुक आलं, तर त्या व्यक्तीला सहसा त्रास होत नाही. उलट गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. म्हणूनच मलेरियाच्या पट्ट्यांमध्ये हे जनुक टिकून राहिलं. दोघांकडून ते आलं, तर मात्र लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि तीव्र वेदना, रक्तक्षय यांचा सामना आयुष्यभर करावा लागतो.

महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार अशा जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजात, हा आजार आढळतो. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

आता नवीन काय आहे?

आजवर बदल निसर्ग करायचा आणि त्याला हजारो वर्षं लागायची. क्रिस्पर या तंत्रामुळे डीएनए ठरावीक जागी कापून बदलता येतो. त्यासाठी इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या तंत्रावर आधारित 'कॅसजेव्ही' या सिकलसेलवरच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने, तर डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजुरी दिली.

यात रुग्णाच्याच मूळपेशी काढून, त्यात बदल करून परत सोडल्या जातात. हा बदल फक्त त्या रुग्णापुरता असतो. मुलाबाळांत जात नाही.

गर्भात केलेला बदल मात्र पुढच्या प्रत्येक पिढीत जाऊ शकतो. चीनमधले शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये जनुकं बदललेल्या जुळ्या मुलींचा जन्म झाल्याचं जाहीर केलं आणि जगभर खळबळ उडाली. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. भारतातही आयसीएमआरच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वंशपरंपरेत उतरतील असे जनुकीय बदल करायला मनाई आहे.

खरा प्रश्न कोणता?

पहिला प्रश्न पैशाचा. अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून जास्त ठेवण्यात आली. हा आजार ज्या घरांत आहे, त्यातल्या बहुतेकांच्या हे आवाक्याबाहेरचं आहे. उद्या गर्भातल्या बदलांना कुठे परवानगी मिळाली आणि ते असेच महाग राहिले, तर श्रीमंती-गरिबीतली दरी थेट जनुकांत उतरू शकते.

दुसरा प्रश्न निवडीचा. जे जनुक आज 'वाईट' वाटतं, त्यानेच कधीकाळी मलेरियापासून जीव वाचवले. मग कोणतं जनुक ठेवायचं आणि कोणतं काढायचं, हे कुणी ठरवायचं? ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार, ती माणसं तर अजून जन्मालाही आलेली नाहीत.

तूर्त भारताची भिस्त साध्या रक्ततपासणीवर आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन हे उद्दिष्ट आहे. आपण वाहक आहोत का, हे लग्नाआधी कळलं, तर जोडप्याला पुढचा निर्णय माहितीच्या आधारे घेता येतो. हजार वर्षांनंतरच्या माणसाची चर्चा रंगत राहील. पण पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलाच्या वेदना टाळण्याची सुरुवात आजच्या एका रक्ततपासणीने होऊ शकते.